एक साडी परत आली नाही

लोधिवली,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय केतन,

पत्र बघून दचकू नकोस. इथं सगळे ठीक आहेत. पप्पांचं बीपी जागेवर आहे, आजी दोन वेळा जेवतात आणि दिवसभर सगळ्यांवर आवाज चढवतात, म्हणजे त्यांचंही ठीकच आहे. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर माझं बोलणं दोन वाक्यांत संपतं, जेवलास का आणि गाडी हळू चालव. मोबाईलवर लिहायला बसले असते तर अर्ध्यातच तुझं ‘काय झालं आई?’ आलं असतं आणि मी ‘काही नाही रे’ म्हणून सुटले असते. म्हणून अंगणवाडी सुटल्यावर पोरांच्या बुटक्या टेबलावर वाकून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. स्वप्नील उद्या टेंपो घेऊन कर्जतला येतोय, त्याच्या हाती देईन. सगळं वाचून होईपर्यंत फोन करू नकोस, एवढं माझं ऐक.

गेल्या रविवारी तू आलास, मिक्सर उघडून बसलास, पप्पांचं बातम्यांचं चॅनल परत आणून दिलंस आणि कारल्याची भाजी तोंड वाकडं न करता खाल्लीस. तुला कारलं आवडत नाही हे जागृतीने मला साखरपुड्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मी मुद्दाम केली होती. तू कधी तरी ‘नको’ म्हणतोस का, ते मला बघायचं होतं. तू ताट पुसून खाल्लंस. निघताना दारात दोनदा विचारलंस, आई, आज गप्प का. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा बसला नव्हता.

पुराच्या साड्यांची अर्धी गोष्ट तुला माहीत आहे. उरलेली अर्धी सांगायला माझी जीभ उचलली नाही. आज सगळीच सांगते, अगदी सुरुवातीपासून, म्हणजे मलाही धीर येईल.

सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात पाणी शिरलं तेव्हा आपल्या विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं. मी वाचत होते, बायका ऐकत होत्या. त्या दिवशीचा भाग करुणेवरच होता आणि मी चांगला रंगवून वाचत होते. तुझ्या आजी, म्हणजे येसूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “निस्तं वाचून काय व्हनार हाय गं? टीवीवर बाया गळ्याएवढ्या पान्यात उभ्या हायत.” माझा पारा चढला, पण पुस्तक मिटलं. त्यांचं खरं होतं. सकाळीच आम्ही दोघींनी बघितलं होतं, दावणीला बांधलेली गुरं बांधल्या जागीच मेलेली, आणि एक बाई चिखलातून एकेक भांडं उपसून पदराला पुसत होती.

मला तेव्हा इर्शाळवाडी आठवली. तुलाही आठवली असणार. डोंगर खाली आला तेव्हा कुठकुठून अनोळखी माणसं पायथ्याच्या चौक गावात येऊन पोचली होती. तू कर्जतच्या आयटीआयची पोरं घेऊन आला होतास आणि जागृती आपल्या विहारातर्फे भाताची पातेली सांभाळत होती. तुझा रेनकोट फाटका होता म्हणून तिने तुला भाताच्या रांगेत उभं केलं आणि वर दटावलं, की रडू नका, सगळ्यांना मिळेल. तू निमूटपणे ताट घेऊन जेवलास आणि मग सांगितलंस की मी मदतीला आलोय. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा हसताना तिला ठसका लागला होता. त्या एवढ्या दुःखाच्या दिवसांत आपल्या घरात तो एक आनंद आला, याची मला तेव्हा लाज वाटायची. आता नाही वाटत.

तर वाचन थांबवून आम्ही ठरवायला बसलो, काय पाठवायचं. धान्य निघालंच. शेजारच्या आनंदीबाईंनी घरचा कोलम दिला. कपड्यांचं निघालं तेव्हा आजींनी बजावलं, जुनं द्यायचं नाही. त्यांच्या लहानपणी त्यांनी दुसऱ्यांचं उतरलेलंच नेसलं, जुन्या कपड्याचं नाव काढलं तरी त्या उठून जातात. नवं काय आहे, तर अश्विन पौर्णिमेसाठी आणलेल्या साड्या. तुला माहीत आहे, वर्षावास संपतो त्या दिवशी आम्ही सगळ्या एकसारख्या नव्या पांढऱ्या साड्या नेसतो. यंदाच्या सुती होत्या, निळ्या काठाच्या, उल्हासनगरहून आणलेल्या, घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. आम्ही ठरवलं, यंदा जुन्याच नेसू आणि या तिकडे जातील. कुणी कुरकुरलं नाही. केतन, इतक्या वर्षांत आमच्या विहारात एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. माझी साडी देण्यासाठी कपाट उघडलं. खालच्या खणात ती होती. तुझी आई आणि तू साखरपुड्याला घेऊन आलात ती, पांढरी, बारीक सोनेरी काठाची. रुंद काठ पडद्यासारखा दिसतो असं जागृती म्हणाली होती म्हणून तू तीन दुकानं पालथी घातली होतीस. ती तिने एकदाच खांद्यावर टाकून बघितली. बुद्धपौर्णिमेला नेसायची होती. एप्रिलात तिला कावीळ झाली, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि सगळे म्हणत होते की आठवड्यात उठून बसेल. ती उठली नाही. पौर्णिमेला ज्या विहारात तुमचं लग्न लागायचं, त्याच विहारात आपण तिच्या पुण्यानुमोदनाला बसलो. तिला निरोप देताना आजी म्हणाल्या होत्या, पोरीला तिचीच साडी नेसवा. मी नाही दिली. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले आणि कुणाला हात लावू दिला नाही. तू तेव्हा अंगणात होतास, तुला हे माहीत नसेल.

त्या दुपारी मी ती साडी बाहेर काढली आणि गठ्ठ्यात घातली. का घातली, हे मी अजून स्वतःला विचारते. करुणेवर वाचत होते, त्याची गुंगी असेल. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते द्यावं, असं मी पोरांना रोज शिकवते, आणि माझ्या घरात त्याहून चांगलं काही नव्हतं. तिकडे कुणाची तरी लेक लग्नाची असेल, तिचं सगळं वाहून गेलं असेल, तिला होईल, असंही वाटलं. स्वप्नीलने गठ्ठे टेंपोत चढवले तेव्हा मला फार हलकं वाटलं. टेंपो हायवेला लागला आणि मी घरी येऊन तो रिकामा खण परत परत उघडून बघितला. पण कुणाला सांगणार?

स्वप्नील चौथ्या दिवशी आला. धान्य उतरवून आला होता, पण साड्यांचा गठ्ठा टेंपोत तसाच. आम्ही सगळ्या जमलो. तो गाडीतून उतरेना. एवढा मोठा घोडा, आणि स्टिअरिंगकडे बघत बसला. सांग ना रे, असं चारदा म्हटल्यावर बोलला की त्यांनी घेतल्या नाहीत.

विहाराच्या अंगणात सगळ्यांच्या मनात एकच आलं, माझ्याही आलं. आजींनी ते बोलून टाकलं. “आमच्या येळंला आमच्या हातचं पानी नको व्हतं. आता कापड पन नको.” आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. छप्पनच्या साली त्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेल्या बाई, मी त्यांना सून म्हणून आल्यापासून कधी खाली मान घातलेलं बघितलं नाही. त्या दिवशी बघितलं.

स्वप्नील तेव्हा खाली उतरला. आजींच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, “आजी, हाताचं काय नाय. रंगाचं हाय.” मग त्याने सगळं सांगितलं. नदीकाठच्या त्या गावात एका घरातला तरणाताठा मुलगा गुरं सोडायला गेला तो वाहून गेला होता. गठ्ठा नेमका त्या घरासमोर उघडला. त्याची आई पुढे झाली, वरची साडी उलगडली आणि पांढरा रंग बघून तिने तोंडावर हात मारून घेतला. तिला वाटलं, कुणी तरी तिच्या सुनेसाठी विधवेचं लुगडं पाठवलंय. बाकीच्या बायांनी हातातल्या साड्या जागच्या जागी ठेवल्या.

आपल्यात पांढरं म्हणजे पौर्णिमा, पांढरं म्हणजे नवरी. दुसऱ्यांत पांढरं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? सगळ्यांना ठाऊक होतं. जन्म त्यांच्या शेजारात गेलाय. पण देण्याच्या आनंदात एकीलाही आठवलं नाही. आनंदीबाईंना मात्र आठवलं होतं. गठ्ठा बांधताना त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही तरी बोलायचं. तर म्हणाल्या, तुमी लग्नात नेसता ते अशुभ हाय असं मी कोन्त्या तोंडाने सांगू? त्यांनी माझं मन जपलं आणि तिकडे त्या माऊलीच्या काळजाला घाव बसला. रागवायचं तरी कुणावर?

मग भांडण झालं, होणारच होतं. काही बायकांचं म्हणणं, पांढरं आपल्या मानाचं आहे, आपण ते का बदलायचं, नको असेल तर राहू दे. मलाही आतून तसंच वाटत होतं. आजी बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “नेसायचं त्यास्नी हाय का तुमाला?” आणि उठून काठी टेकत मोठं पातेलं शोधायला गेल्या. विषय संपला.

साड्या रंगवल्या त्या रविवारी तू आलास ते तुला आठवतंय. अंगणात तीन चुली, कर्जतच्या बाजारातून आणलेल्या रंगाच्या पुड्या, मीठ, उकळतं पाणी. काही साड्या छान हिरव्या झाल्या, काहींवर ढग उठले, एकीवर तर नकाशाच उमटला. आजी कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या. तू माझे हिरवे हात बघून म्हणालास, आई, अंगणवाडीतली पोरं घाबरतील. तू पिळायला मदत केलीस, दोरीवर साड्या टाकल्यास. मी तेव्हा तुझ्याकडे बघून हसत होते आणि आत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण स्वप्नीलने आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “काकी, एक साडी परत आली नाय. काठाची.” तो जागृतीबरोबर शाळेत होता. उलगडल्याबरोबर त्याने ओळखली होती. ती त्या विधवा झालेल्या मुलीनेच ठेवून घेतली होती.

मला ती साडी परत हवी होती. अगदी लहान पोराला खेळणं परत हवं असतं तशी हवी होती. दान दिलेलं मागायचं नसतं, हे मी इतरांना वाचून दाखवते. पण रात्रंदिवस मला दिसायचं, की ती साडी चिखलात कुठे तरी पोतेरं होऊन पडली आहे. म्हणून दुसऱ्या खेपेला मी स्वप्नीलबरोबर गेले. तुला सांगितलं, शिबिराला चालले. पप्पांनाही तेच सांगितलं. पिशवीत मी एक नवी हिरवी पैठणी घेतली होती, माझ्या भावाने दिलेली. ती द्यायची आणि आपली घेऊन यायची, असा माझा हिशेब.

त्या गावात गेल्यावर माझी पिशवी मलाच जड झाली. शेतात माती उरली नव्हती, नुसते दगड. घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ. बायांनी रंगवलेल्या साड्या घेतल्या, ढग उठलेल्याही घेतल्या. आम्ही झाल्या गोष्टीबद्दल हात जोडले तेव्हा त्यांनीच आम्हाला खाली बसवून चहा दिला, बिनदुधाचा, कारण दूध देणारं जनावर गावात राहिलं नव्हतं. आजी यायला हव्या होत्या, असं मला फार वाटलं.

त्या घरी मी एकटीच गेले. सासूचं नाव हिरूबाई. माझ्याच वयाची, पण सत्तरीची दिसत होती. सून आत कोपऱ्यात बसलेली, हर्षला. चोवीस-पंचवीसची. मोकळं कपाळ, मोकळे हात. लग्नाला पुरतं वर्षही नव्हतं झालं. मी कोण ते सांगितल्यावर ती उठली, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून साडी काढली आणि घेऊन आली. घडी तशीच होती, केतन. चिखलाचा एक डाग नव्हता. ती माझ्यासमोर बसली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “तुमच्यात नवरी पांढरं नेसती म्हणं. त्या टेंपोवाल्या दादानं सांगितलं. खरं हाय का?”

मी म्हटलं, खरं आहे. माझ्या लेकीच्या लग्नाची आहे ही.

तिने विचारलं, मग लेक कुठाय. मी सांगितलं. तिने साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, मग तुम्ही न्या, लेकीची आहे. मी मागायच्या आतच तिने दिली. मी जे घ्यायला दहा तास टेंपोत बसून गेले होते ते माझ्या मांडीवर होतं. मी वास घेऊन बघितला. जागृतीच्या कपाटाचा वास गेला होता, चुलीच्या धुराचा येत होता. आणि ती मुलगी साडीकडे बघत होती, अशी की मला बघवेना. तिला सगळ्या गावाने पांढरं कपाळ दिलं होतं आणि या एका पांढऱ्यात तिला कुणी तरी नवरी दिसत होती. मी साडी उचलून तिच्या हातात परत दिली. म्हटलं, आता तुझी. जेव्हा वाटेल तेव्हा नेस. हिरवी पैठणीही दिली. मग आम्ही दोघी रडलो. एकमेकींना धरून रडलो, ओळख ना देख.

मी गप्प बसणारी बाई नाही, हे तुला सांगायला नको. निघताना हिरूबाईंना ओट्यावर गाठलं आणि सुरू झाले. पोरीला कोपऱ्यात बसवू नका, तिचं वय काय, तिला माहेरी पाठवा, शिकू दे, चांगला मुलगा बघून परत लग्न करू दे, आमच्याकडे असं करतात, तसं करतात. अंगणवाडीच्या पालकसभेत बोलते तसं बोलले. हिरूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. नदीकडे बघत म्हणाल्या, “मला बी कळतंय ओ ताई. पर ती हितं बसलेली असली की माझं लेकरू घरात हाय असं वाटतंय. ती उठून गेली की समदंच गेलं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी भाकरी आणि ठेचा आणला, आम्ही एका ताटात खाल्लं आणि निघालो.

परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. घाट उतरून शिळफाट्याला चहाला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, काकी, साडी आणली नाय? मी मान हलवली. तो बिचारा समजला की साडीसाठी रडते आहे. मी त्या वेळी रविवारांचा विचार करत होते.

जागृती गेल्यापासून तू एक रविवार चुकवला नाहीस. पहिल्यांदा आलास तेव्हा पप्पा जेवत नव्हते, तू त्यांना भरवलंस. मग नळ दुरुस्त केलास, मग पंखा, मग आजींचा चष्मा. मला ‘आई’ म्हणायला लागलास. सकाळी अकरा वाजले की पप्पा फाटक उघडून उभे राहतात आणि तुझ्या गाडीचा आवाज आला की आजी सुद्धा पदर नीट करतात. तू बाहेरच्या खुर्चीत बसतोस, जिथं तुम्ही दोघं बसायचात, आणि मी आतून ताट वाढते. मला वाटतं, ती मागच्या खोलीत आहे, केस विंचरतेय, येईल एवढ्यात. दर रविवारी जेवण होईपर्यंत माझी लेक घरात असते. हे मी कुणाला कधी बोलले नाही. हिरूबाई बोलल्या तेव्हा मला कळलं, की मी तुला कुठल्या खुर्चीत बसवून ठेवलंय.

दिवाळीनंतर तुझी आई आली होती. तुला म्हणाली नसेल. जयाताई फराळाचा डबा घेऊन आल्या, पप्पांशी बोलल्या, मग माझ्याबरोबर मागे ओट्यावर येऊन बसल्या. शिळफाट्याच्या एका मुलीबद्दल सांगितलं. म्हणाल्या, तू अंगणात फोनवर तिच्याशी बोलताना हसतोस आणि आई दिसली की फोन ठेवतोस. लग्नाचं काढलं की एकच म्हणतोस, आईला काय वाटेल. जयाताई म्हणाल्या, उज्वला, तो ‘आई’ म्हणाला ते माझ्याबद्दल नव्हतं. एवढंच सांगून पदराने डोळे पुसले. त्या मागायला आल्या होत्या आणि मागू शकल्या नाहीत. ज्या बाईने नऊ महिने वाहिलं, तिने माझ्या दारात येऊन आपल्या मुलाची वाट बघावी, केतन, आणि मी काय केलं? मी तिच्या डब्यात चिवडा भरून दिला आणि विषय बदलला. त्यानंतरचे रविवारही मी घेतले. कारल्याची भाजी केली ती त्यासाठी, की तू एकदा तरी मला नको म्हणशील आणि मला हे सांगावं लागणार नाही. पण तू नाही म्हणणार. तुझा स्वभाव तो नाही. म्हणून हे मलाच करायला हवं आणि तुझ्या तोंडाकडे बघून माझ्याने ते झालं नसतं, म्हणून हे पत्र.

तुझी साडी मी देऊन टाकली. ती आता आपल्या कपाटात नाही आणि ती नेसून कुणी येईल म्हणून तुला वाट बघायची नाही. त्या मुलीला लग्नाचं विचार. तिचं नाव मी जयाताईंना विचारलं नाही, ते तू स्वतः येऊन सांगायचंस. लग्न विहारात लागेल तेव्हा मी नवी पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसेन, आजींना शेजारी बसवून. आणि तुझं ‘आई’ आता कर्जतला ज्या बाईचं आहे तिला परत दे. मला मावशी म्हण. मावशीकडे माणसं सणावाराला येतात, बायकोला घेऊन येतात, पुढे पोरांना सुट्टीत ठेवायला आणतात, आणि मावशीला त्याचा फार आनंद होतो. पण दर रविवारी कुणी येत नाही. या रविवारी येऊ नकोस, बाळा. पप्पा सवयीने अकराला फाटक उघडायला जातील. मी त्यांना हाताला धरून आत आणीन आणि आम्ही तिघं जेवायला बसू.

तुझीच,
उज्वलामावशी